रावसची गुरगुर

ज्या कोणी त्या पट्ट्याचं नाव ‘निवांत’ ठेवलं ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मारणार नाही, चहा देईन. फक्त तो पट्टा त्याच्या गळ्यात घालीन आणि समोर आमच्या पेंडुरकरांना बोलायला बसवीन.

पण आधी रावस कोण ते सांगते. रावस म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, रुपेरी करडा, लांबुळका आणि डावा कान अर्धा. मासळीबाजाराच्या मागे सापडला म्हणून नाव रावस. त्याच्या कानाचं मी सोसायटीत प्रत्येकाला वेगळं सांगितलंय. पहिल्या मजल्यावर सांगितलं, खाडी पोहून येताना शार्कने तोडला. तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, हा आधी जहाजावर होता, तिथे खलाशांबरोबर पत्ते खेळताना कान हरला. लोक हसतात, माझी संध्याकाळ बरी जाते. खरं असं की तो एवढासा असताना बाजारातल्या थोराड कुत्र्यांनी टोळीने धरून ओरबाडला. मी छत्री घेऊन धावले तोवर अर्धा कान गेला होता. तेव्हापासून दुसरं कुत्रं दिसलं की रावस गुरगुरायचा, भुंकायचा, दोरीला हिसके द्यायचा. माणसांवर मात्र भारी जीव. आणि कुत्र्यांनाही दात कधी लावला नव्हता त्याने. ‘लांब राहा रे बाबांनो’ एवढंच सांगायचा. समोरचं लांब गेलं की हा गप्प.

आता हे पेंडुरकरांना कोण समजावणार? पेंडुरकर म्हणजे आमच्या ‘सागरतारा’ सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची जेली नावाची कुत्री, सोललेल्या नारळाएवढी. रावस जेलीवर दोनदा भुंकला, यांनी दोनदा तक्रार केली. झालं! आमच्या साखरखाडीत तेव्हा नवीन नियम आला होता. दोन तक्रारी झाल्या की कुत्र्याला निवांत पट्टा. मग दिवाळी झाली की परीक्षा. परीक्षेत दुसरं कुत्रं हातभर अंतरावर आणायचं. आपलं गुरगुरलं की नापास, आणि नापास झालेला कुत्रा खाडीपलीकडच्या केंद्रात. त्या केंद्रातून परत आलेला कुत्रा मी तरी पाहिलेला नाही, आणि मी न पाहिलेल्या गोष्टीसुद्धा रंगवून सांगते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

यातली कडू गंमत पुढेच आहे. त्या पट्ट्याची अक्कल माझ्याच पोरीने घडवलेली.

ऋजुता पुण्याहून स्वतः पट्टा घेऊन आली. मी सोड्याची खिचडी केली होती. रावस टेबलाखाली तिच्या पायावर डोकं टेकून पडला होता.

“बघ आई, आतून ही दोन टोकं कातडीला टेकतात.”

“खिळे आहेत हे.”

“खिळे नाहीत गं, सेन्सर. ऐक ना. कुत्र्याच्या डोक्यात राग यायच्या आधी त्याच्या अंगात येतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, मानेचे स्नायू आवळतात, कातडीला अगदी कणभर ओल येते. त्याला स्वतःला कळायच्या सेकंदभर आधी पट्ट्याला कळतं.”

“पट्ट्याला कोणी शिकवलं?”

“मी.” हे सांगताना कशी फुलली होती पोरगी! “हजारो कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधून नोंदी घेतल्या. कुत्रं गुरगुरलं की त्याच्या आधीचा सेकंद कापून घ्यायचा आणि यंत्राला दाखवायचा, की राग येण्याआधी अंग असं असतं. जिथे गुरगुर नाही तो तुकडा दाखवायचा, की शांत अंग असं असतं. असं लाखो वेळा. शिवाय ते अजून शिकतंय. गावोगावच्या पट्ट्यांतल्या नोंदी दर आठवड्याला परत येतात, त्यातून ते आणखी शहाणं होतं. शांत असेल तर हिरवा दिवा, बिथरायला लागलं की पिवळा, राग येणार असेल तर लाल.”

“बरं. राग येणार हे कळलं. मग पट्टा काय करतो?”

ऋजुताने पापड मोडला. “जाणीव देतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे... एक सौम्य संवेदना.”

“शॉक.”

“शॉक नाही म्हणत आई त्याला.”

“हात पुढे कर. मी लावते आणि तू सांग काय म्हणायचं ते.”

तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, “माझं काम वाचण्याचं होतं. वाचल्यावर काय करायचं ते कंपनीने ठरवलं.”

दुसऱ्या दिवशी कंपनीचे उदयन सर आले. यांचा हुद्दा वर्तन-अधिकारी. छाती पुढे, गॉगल डोक्यावर. आल्या आल्या रावसला आडवा पाडला, मानेवर गुडघा ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत रोखून बघत बसले.

“अहो, काय करताय!”

“मालक कोण ते त्याला कळलं पाहिजे, आजी. कुत्र्याने नजर खाली घातली की समजायचं, मानलं.”

“माझ्या मानेवर कोणी गुडघा ठेवला तर मीही नजर खाली घालीन. नंतर त्याच्या चहात काय घालीन ते वेगळं.”

ते हसले. या लोकांना आपण रागावलो की हसू येतं.

मग पट्टा बांधला. फाटकाबाहेर बाजारातलं एक कुत्रं चाललं होतं. रावसने मान उचलली, घशात गुर्र सुरू होणार तेवढ्यात असा केकाटला की माझ्या हातातली दोरी सुटली. त्याला वाटलं, त्या कुत्र्यानेच चावा घेतला, तोही एवढ्या लांबून! नीट विचार करा. ज्याला आधीच वाटतंय की दुसरं कुत्रं म्हणजे दुखणार, त्याला तुम्ही प्रत्येक वेळी दुसरं कुत्रं दाखवून दुखवताय. याला म्हणे सुधारणा.

आठवडाभरात रावस गुरगुरायचा थांबला. भुंकायचाही थांबला. सोसायटी खूश. “काकू, काय गुणी झाला हो तुमचा!” मी बघत होते. दुसरं कुत्रं दिसलं की तो दगड व्हायचा. शेपटी पोटाशी, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, आणि गळ्यात हिरवा दिवा. पहिले काही दिवस तरी दिवा लाल व्हायचा. नंतर नंतर हिरवाच.

पेंडुरकरांना ते इतकं आवडलं की त्यांनी हौसेने जेलीलाही पट्टा आणला. ती फार कटकट भुंकते म्हणून. तीही गप्प झाली. फक्त तिला थंडी वाजायला लागली. आमच्याकडे ऑक्टोबरात माणसं पंख्याखालून हलत नाहीत, आणि ही पोरगी थरथर कापतेय! पेंडुरकरांच्या बायकोने तिला लोकरीचं जॅकेट विणलं.

त्याच जॅकेटने तिला वाचवलं.

दुपारची वेळ होती. मी रावसला घेऊन पार्किंगमधून चालले होते, तर पेंडुरकरांचं दार उघडं राहिलं असावं, जेली एकटीच कोपऱ्यावरून आली आणि एकदम आमच्या समोर. रावसच्या गळ्यात हिरवा दिवा. तिच्या गळ्यात हिरवा दिवा. गुर्र नाही, भों नाही, काही नाही, आणि रावसने झडप घातली. पाठीवरचं जॅकेट जबड्यात धरून तिला गदागदा हलवलं. तिने कुईं केलं नाही, हा गुरकावला नाही. टीव्हीचा आवाज बंद करून मारामारी बघावी तसं. मी गाडी धुवायची बादली दोघांवर ओतली तेव्हा तो सुटला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू त्यालाच माहीत नव्हतं की हे तो करणार आहे.

कातडीला ओरखडा नव्हता. जॅकेट फाटलं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

खरं सांगितलं असतं तर रावस त्याच संध्याकाळी खाडीपलीकडे गेला असता. मी जॅकेट हातात घेऊन पेंडुरकरांच्या दारात गेले आणि सांगितलं, घार आली होती. ही मोठी. जेलीला उचलून गच्चीपर्यंत नेली, मी बादली फेकून मारली तेव्हा सोडली. पेंडुरकरांची बायको रडत हसली. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच घारींपासून सावधानतेचा मेसेज गेला.

वर आले आणि ऋजुताला फोन लावला. तिला मात्र जसं घडलं तसं सगळं सांगितलं.

“आई, पण ग्रुपवर तर घार आहे.”

“ती थाप मी ठेवून दिली गं. खरं हे आहे.”

“नोंद माझ्यासमोर उघडी आहे. त्या वेळी रावस हिरवा होता. जेलीही हिरवी. आणि कानाचं तू शार्क सांगतेस, घारीचं...” ती थांबली. “मला कामं आहेत आई. तू जेवलीस का?”

फोन ठेवला आणि माझं डोकं असं तापलं! एक म्हातारी थापा मारते म्हणून तिचा शब्द खोटा. आणि चिमूटभर हिरवा दिवा बोलला की वेदवाक्य.

परीक्षा जवळ आली होती. पट्टा काढला की कंपनीला कळतं. पण तो गळ्यातून निघून पुन्हा गरम कातडीला टेकायला अर्धा मिनिट मुभा असते, कारण पुसायला, सैल-घट्ट करायला काढावा लागतो. मग मी काय केलं? रावसच्या गळ्यातला काढला आणि माझ्या गळ्यात घातला. आमचे हे गेल्यापासून ती जागा तशीही मोकळी होती. वरून मफलर गुंडाळला, सर्दीचं निमित्त सांगून, आणि रावसच्या गळ्याला रुमाल बांधला, म्हणजे पट्टा नाही हे कोणाला दिसायला नको.

यंत्राला कुठे कळतंय कोणाची मान! ते ज्या मानेला लागेल तिच्याशी जुळवून घेतं, हेच तर त्याचं कौतुक. दुसऱ्याच दिवशी ऋजुताचा फोन. “आई, रावस किती छान सावरतोय! दुपारी दोन तास गाढ झोपला. फक्त घोरतो फार.”

“वय झालं त्याचं,” मी म्हटलं.

आणि मोकळ्या गळ्याच्या रावसला घेऊन मी रोज किनाऱ्यावर जायला लागले. कुत्री कोळीवाड्याच्या बाजूला असतात. मी उलट्या टोकाला उभी राहायचे, इतक्या लांब की तिथली कुत्री म्हणजे नुसते ठिपके. रावसचे कान उभे राहिले, ठिपका दिसला, की तोंडात सोडा. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, आमच्या जातीत पाहुण्यालाही मोजून वाढतात. ठिपका गेला की सोडे बंद. बस, एवढंच. त्याच्या डोक्यात जी बातमी बसली होती, की दुसरं कुत्रं आलं म्हणजे कान फाटणार, ती हळूहळू बदलायची. दुसरं कुत्रं आलं म्हणजे सोडे येणार.

रोज थोडं जवळ जायचं. आणि तो गुरगुरला तर? शाब्बास म्हणायचं आणि मागे फिरायचं. गुरगुरला म्हणजे त्याने मला सांगितलं, आजी, फार जवळ आणलंस. चूक माझी, त्याला कशाला शिक्षा? पहिल्यांदा त्याच्या घशातून परत गुर्र निघाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की तिथेच वाळूत बसून त्याचं तोंड कुरवाळलं.

तिकडे माझ्या गळ्यातला पट्टा मलाच सुधारत होता. भाजीवाल्याशी आवाज चढवायला गेले, तोंड उघडायच्या आत मानेत सणक. फोनवर बँकेवाल्याला झापायला गेले, सणक. डोळ्यांत पाणी येतं हो. सौम्य संवेदना म्हणे!

मग सोसायटीची मीटिंग झाली. जे सभासद गावाला असतात त्यांच्यासाठी मीटिंगची फिल्म काढतात आमच्याकडे. पेंडुरकर उभे राहिले.

“चौबळ काकूंचा कुत्रा शांत झालाय, मान्य. पण रक्तातच असतं हो काही काही. गावठी शेवटी गावठी. परीक्षेची वाट न बघता त्याला आपणहून केंद्रात दिला तर सोसायटीची शोभा राहील.”

“अहो पेंडुर—” सणक.

“बोला काकू?”

“तुमच्या जिभे—” सणक. हात मफलरवर गेला.

“बरं नाहीये का?”

तिसऱ्यांदा मी तोंड उघडलंच नाही. आतून खुर्ची उचलून त्यांच्या टकलावर घालावी असं वाटत होतं, आणि मी हसले. मान डोलावली. सगळे म्हणाले, काकू किती समजूतदार झाल्या. मला मात्र कळलं, रावस त्या दुपारी कसा धावला असेल. कारण त्या क्षणी मी एक शब्द न बोलता, हसत हसत, खरंच खुर्ची घातली असती. खुर्चीच्या पाठीवर हात गेलाही होता. मीटिंग आटोपली म्हणून पेंडुरकर वाचले.

घरी येऊन फोनवर पट्ट्याची नोंद उघडली. सुरुवातीला दोनदा लाल. त्यानंतर, मी हसत होते तेवढा सगळा वेळ, हिरवा.

ऋजुताला निरोप धाडला, पडले, हाड मोडलंय, ये. संध्याकाळी ती धापा टाकत दारात, आणि मी भजी तळतेय.

“आई! ही काय पद्धत झाली?”

“खरं सांगून तू येत नाहीस. बस इथे. आधी मीटिंगची फिल्म बघ, मग रावसची नोंद.”

ती कपाळाला आठ्या घालून बघायला लागली. “रावस मीटिंगला होता?”

मी मफलर काढला.

ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. दिवा हिरवा होता. मग तिने फिल्म मागे नेली. माझा हात मानेकडे जातो तिथे नोंदीत लाल. दुसऱ्यांदा जातो, लाल. मग माझं ते हसू.

“इथे तुला काय वाटत होतं?” तिने हळू आवाजात विचारलं.

“खून करावा असं.”

“हिरवा आहे.”

“तेच सांगतेय मी तुला महिनाभर!”

मग मी म्हटलं, “तुला समुद्राची भीती वाटायची, आठवतं? लाटेचा आवाज आला की भोकाड पसरायचीस. बाबांनी एकदा उचलून पाण्यात टाकलं. असंच धीट होतात पोरं, म्हणाले. मग पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा तू रडलीच नाहीस. बाबा म्हणाले, बघ, गेली भीती.”

“गेली नव्हती,” ऋजुता म्हणाली. “मला श्वास घेता येत नव्हता.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर मग मी तुला लांब वाळूत घेऊन बसायचे. रोज एक थाप सांगायचे, शार्कची, जहाजाची, आणि थाप संपेपर्यंत वीतभर पुढे सरकायचे. तुला कळायच्या आत एक दिवस पाय ओले झाले होते तुझे.”

तिने लॅपटॉप उघडला. भजी गार झाली. मधेच ती स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, “यंत्राला मी गुरगुरीवरून शिकवलं. गुरगुर ऐकू आली तर राग, नाही आली तर शांत. आणि मग आम्हीच गुरगुर बंद केली. आता गावोगावची कुत्री दगड होऊन उभी आहेत, आवाज नाही, म्हणून दर आठवड्याला यंत्राला शिकवलं जातंय की दगड होणं म्हणजे शांत. आई, त्याला आता भीती दिसली की ते हिरवं होतंय.”

“एका माझ्या रावसचं नाही मग हे.”

“सगळ्यांचं आहे.”

तिने तिथूनच साहेबांना फोन केला. मी कान लावून होते. साहेब सगळं ऐकून म्हणाले, “ऋजुता, लोकांना शांत कुत्रा कुठे हवाय? त्यांना हिरवा दिवा हवाय. तो आपण देतोय.” मी फोन हिसकावून घेतला. पट्टा गळ्यातून उतरवला होता, त्यामुळे महिनाभराचं सगळं साठलेलं साहेबांना मिळालं. ते इथे लिहिता येणार नाही.

परीक्षेच्या सकाळी शाळेच्या मैदानावर गावातले डझनभर कुत्रे रांगेत बसवले होते. लॅब्राडोर, गावठी, एक कोंबडीला भिणारा बुलडॉग, सगळे. प्रत्येकाच्या गळ्यात हिरवा दिवा. तपासायला पालिकेच्या मुकादम मॅडम. बाजूला उदयन सर. समोर आणायच्या कुत्र्याचं काम पेंडुरकरांनी हौसेने मागून घेतलं होतं, जेलीला रफू केलेल्या जॅकेटसकट कडेवर घेऊन उभे.

रावसच्या गळ्यात पट्टा होता, पण आदल्या संध्याकाळी ऋजुताने त्यातली ‘जाणीव’ बंद केली होती आणि यंत्राची अगदी पहिली, बिघडायच्या आधीची अक्कल परत घातली होती.

पेंडुरकर जेलीला खाली ठेवून चालत आले. लांब होते तोवर रावस माझ्याकडे बघत सोड्याची वाट बघत होता. सोडा मिळाला. आणखी जवळ आले. दिवा पिवळा. आणखी जवळ. रावसच्या घशातून मोठी, खणखणीत गुरगुर निघाली. दिवा लाल.

“नापास,” उदयन सर म्हणाले.

“शाब्बास रे माझ्या वाघा!” मी म्हटलं, आणि त्याला घेऊन मागे फिरले. दहा पावलांवर गुरगुर थांबली. वळून त्याने माझ्या मुठीत नाक खुपसलं.

“आजी, नियम नियम असतो,” मुकादम मॅडम म्हणाल्या. “गुरगुरला. मला त्याला घेऊन जावं लागेल.”

ऋजुता पुढे आली. “मॅडम, हा पट्टा मी बनवलाय. या मैदानावर आत्ता एकाच कुत्र्याचा दिवा खरं बोलतोय, तो लाल आहे. बाकीचे हिरवे खोटे आहेत. ती कुत्री शांत नाहीत. ती बोलायची बंद झाली आहेत.”

“हे कंपनीच्या वतीने सांगताय तुम्ही?” उदयन सर खेकसले.

“नाही. कंपनीच्या विरुद्ध.”

“मॅडम, ही मुलगी आईच्या मायेपोटी—”

“ऐका,” मी म्हटलं.

“काय ऐकू?” मुकादम मॅडमनी विचारलं.

“तेच. काय ऐकू येतंय?”

मैदानावर डझनभर कुत्रे होते. हातहातभर अंतरावर. रस्त्यावरून एक मांजर गेलं, वर कावळे ओरडत होते, आणि एकाही कुत्र्याच्या तोंडून आवाज नाही. सगळी दगड. सगळ्यांच्या जिभा ओठांवरून फिरतायत. मी उभ्या जन्मात एवढी गप्प कुत्री पाहिली नव्हती, आणि कोणीच पाहिली नसणार, कारण मालकांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरायला लागलं. लॅब्राडोरवाल्याने आधी दोरी आखूड केली. बुलडॉगवाली बाई एक पाऊल मागे सरली. मग तिच्या शेजारचा. कोणी कोणाला काही म्हणालं नाही, पण बघता बघता ती रांग फाकली आणि मैदान भरून माणसं एकमेकांपासून लांब लांब उभी राहिली.

मधे एकटे पेंडुरकर. त्यांनी जेलीला उचललं होतं. ती कापत होती.

“हिला थंडी वाजते,” ते म्हणाले.

पेंडुरकरांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी जेलीच्या अंगातलं जॅकेट काढलं. तिच्या छातीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग खाली बसून पट्ट्याची कडी सोडवायला लागले. जमेना. मी गेले आणि सोडवून दिली.

पट्टा निघाला. जेलीने मान झटकली. एकदा इकडे बघितलं, एकदा रावसकडे, आणि काय भुंकायला लागली! नारळाएवढा जीव, सगळं मैदान डोक्यावर घेतलं. रावसने लांबून एक भों दिला. पेंडुरकर तिला छातीशी धरून म्हणत होते, “बोल गं बाई, बोल.”

मुकादम मॅडमनी परीक्षा थांबवली. त्या दिवसापुरती, असं त्या म्हणाल्या. पण दुपारपर्यंत अर्ध्या गावाने पट्टे काढून पालिकेच्या पायरीवर आणून टाकले, आणि तो ढीग हिरवा लुकलुकत होता. केंद्राची गाडी रिकामी परत गेली.

ऋजुताची नोकरी त्याच आठवड्यात गेली. ती इथेच असते आता, पुढच्या खोलीत सगळ्या तारा पसरून. पट्टा तिने पुन्हा बनवलाय. कुत्र्याचं अंग तसंच वाचतो, पण कुत्र्याला टोचत नाही. कुत्रं घाबरायला लागलं की मालकाच्या मनगटाला चिमटा बसतो, म्हणजे जरा मागे सरक. जाणीव आता मालकाला. उदयन सरांना एक भेट पाठवायचा माझा विचार आहे.

पेंडुरकर सुधारलेत असं समजू नका. संध्याकाळी ते रस्त्याच्या पलीकडून जेलीला घेऊन चालतात, मी अलीकडून रावसला. ते तिकडून ओरडतात, “काकू, आवरा तुमचा तो समुद्री चोर!” मी इकडून ओरडते, ते सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. रस्ता रोज थोडा अरुंद होतो आमचा.

फक्त एक राग राहिलाय. मी महिनाभर तो पट्टा गळ्यात घालून हिंडले हे सोसायटीत कोणालाच खरं वाटत नाही. शार्क खरा वाटतो, घार खरी वाटते, हे म्हणे काकूंची थाप. मग मी मफलर काढते आणि मान पुढे करते. दोन गोल डाग आहेत, काळपट, बोटाच्या पेरभर अंतरावर. रावसलाही तसेच दोन आहेत. केस बाजूला केले की दिसतात. पण त्याला आधी लांबूनच विचारा, आणि तो गुरगुरला तर हात मागे घ्या.